ईमेल (पी.पी. जुबेर)

लोणी, ता. आंबेगाव
१५ नोव्हेंबर २००९, रविवार

आदरणीय साडूबंधू भगवंतराव यांना लोणीहून चांगदेवचा नमस्कार. हात ग्रीसने भरलेले होते म्हणून आधी कोपरापासून केला होता, आता हात धुऊन पुन्हा करतो आहे. कागदावर कुठे डाग दिसला तर तो शाईचा समजावा.

ज्या टेबलावर हे पत्र लिहितो आहे ते जुन्या पलंगाच्या अँगलपासून मी स्वतः केलेलं आहे. ज्या पंख्याने कागद उडतो आहे त्याची मोटार मी स्वतः भरलेली आहे (कंपनीच्या मूळ वाइंडिंगपेक्षा कमी तापते, आल्यावर हात लावून बघा) आणि कागद उडू नये म्हणून वर ठेवलेलं वजनही मीच ओतलेलं आहे. याखेरीज घरातला इन्व्हर्टर, दारातला पत्र्याचा कूलर (हा तिसरा, पहिले दोन मी मोजत नाही), शीलाचं शेंगा फोडायचं यंत्र, गजराच्या घड्याळावर चालणारा विहिरीवरचा स्टार्टर, आणि सायकलच्या चेनवर फिरणारी ती बटाट्याची चाळण, जिच्यातून मोठा, मधला आणि गोळी असे तीन ढीग आपोआप वेगळे पडतात. सातगाव पठारावर आज तशा चाळणी घरोघर आहेत. ही बढाई नव्हे. तुम्ही दर दिवाळीला विचारता, "काय चांगदेवराव, सध्या काय चाललंय?" आणि मी सांगायला सुरुवात केली की टीव्ही लावता. म्हणून एकदा लेखी कळवून ठेवलं.

तुमच्या गुडघ्याचं आक्कांकडून कळलं. वाईट वाटलं. गुडघा म्हणजे शेवटी बेअरिंगच. बेअरिंग कुरकुरायला लागलं की लोक धावत जाऊन तेल घालतात, खरं तर आधी त्याच्यावरचा भार कमी करायचा असतो. (तुमच्या वजनाविषयी मला काहीही सुचवायचं नाही.) आक्कांची तब्येत, चिंचवडचं पाणी, तुमच्या कंपनीतल्या स्टोअरचा नवा साहेब, सगळं ठीक असेल अशी आशा करतो. इकडे बटाटे निघाले, कांद्याची रोपं टाकून झाली, आणि शीला रागावलेली आहे, म्हणजे तीही ठणठणीत आहे.

एवढ्यासाठी पत्र कशाला, फोन करायचा, असं तुम्ही म्हणाल. माझा फोन गेले तीन आठवडे माझा राहिलेला नाही. का, ते सविस्तर लिहितो. वाचताना मध्येच टीव्ही लावू नये.

तर वर दिलेल्या वस्तूंपैकी एकीवरही माझं नाव नाही. ट्रॉली मी बांधतो, तिच्या मागे पेंटर 'आईची कृपा' लिहितो आणि खाली कोपऱ्यात स्वतःचं नाव टाकतो. चाळण माझी, पण तिच्यावर नाव मंचरच्या ज्या दुकानातून ती विकली गेली त्याचं, फोन नंबरासकट. माझं नाव जगात एकाच ठिकाणी लिहिलेलं होतं, आणि ते म्हणजे इंटरनेटवर. पुण्याच्या एका कंपनीची 'बांध-कट्टा' म्हणून साइट आहे. शेतकरी तिथे आपल्या मोटारीचं, पंपाचं, फवारणीयंत्राचं दुखणं लिहितात आणि ज्याला कळतं तो उत्तर देतो. २००४ सालापासून सगळ्यात जास्त उत्तरं दिलेला माणूस कोण, तर 'चांगदेव, लोणी'. हजारावर उत्तरं. यवतमाळच्या माणसाने माझं उत्तर वाचून मोटार वाचवली आणि खाली लिहिलं, 'चांगदेव लोणी यांचे आभार'. तुमच्या कंपनीत तुम्हाला पंचवीस वर्षांचं घड्याळ मिळालं ना, तसं हे माझं आहे असं समजा. (फरक इतकाच की माझं अजून चालतं.)

ऑक्टोबरात कट्ट्यावर सूचना आली. त्याच कंपनीच्या आणखी दोन साइटी आहेत: लग्न जमवण्याची 'सोयरीक' आणि गुरंढोरं, अवजारं विकण्याची 'बाजार'. इतकी वर्षं तिन्हींना वेगळी नावं, वेगळे पासवर्ड. आता म्हणे सिंगल साइन-ऑन. म्हणजे चावी एक, दारं तीन. प्रत्येकाने आपलं जुनं खातं नोव्हेंबर संपायच्या आत नव्या पद्धतीवर न्यायचं. जो नेणार नाही त्याची उत्तरं राहतील, पण नाव जाऊन तिथे 'माजी सभासद' असं येईल. भगवंतराव, हजार उत्तरं आणि वर 'माजी सभासद'. माणूस जिवंत असताना फोटोला हार घालण्यातलाच प्रकार. मी दुसऱ्याच दिवशी दुकान बंद करून मंचरला जुबेरच्या कॅफेत गेलो.

इथे पी.पी.चं सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. तुम्हाला वजीरभाई आठवत असतील, स्टँडजवळ एस.टी.डी. बूथवाले. तुमच्या लग्नाच्या पत्रिकेवर आपल्या सासऱ्यांच्या नावापुढे जो फोन नंबर छापला होता तो त्यांचाच, कंसात पी.पी. लिहून. निम्म्या मंचरचा आणि आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांचा तोच नंबर. फोन आला की वजीरभाई निरोप लिहून घेत आणि त्या गावाकडे जाणाऱ्या माणसाच्या हाती देत. बाळंतपणं, मयत, बदल्या, सगळं त्यांच्या कानातून गेलं आणि कधी एक निरोप चुकल्याचं कुणी सांगत नाही. पुढे घरोघर फोन आले, बूथ बसला, आणि मुलाने, म्हणजे जुबेरने, तिथेच कॉम्प्युटर मांडले. मग ईमेल आला. जिथे तिथे ईमेल मागू लागले. लोक म्हणाले, आता हे कुठून आणायचं? जुबेर म्हणाला, "माजा टाका की. अब्बांचा फोन टाकत व्हता, तसा." झालं. मंचरच्या पंचक्रोशीचा ईमेल एकच, पी.पी. जुबेर. ईमेल आला की जुबेर तो कागदावर छापतो आणि दुकानातल्या तारेला कपड्याच्या चिमट्याने लटकवतो. लोणीची तार वेगळी, आणे गावाकडची वेगळी. बाजाराला आलेला माणूस आपापल्या तारेवरून आपला ईमेल काढून नेतो. इतकी चोख व्यवस्था तुमच्या स्टोअरमध्ये तरी आहे का?

माझं कट्ट्याचं खातं अर्थातच याच ईमेलवर. नव्या पद्धतीत तो ईमेल भरला, माझा मोबाइल नंबर भरला, तर पडद्यावर अक्षरं आली: 'या ईमेलवर आमच्या तिन्ही साइटींवर एकोणीस खाती आढळली. ही सर्व खाती आपलीच आहेत काय?' खाली दोन बटणं. हो आणि नाही.

मी म्हणालो, 'नाही' दाबतो, माझं एकच आहे. जुबेर म्हणाला, "नाय दाबलं तर पयल्यापासनं भरावं लागंल, भाऊ. आन ईमेल कुनाचा हाय?" म्हटलं, तुझा. "मी कुनाचा हाय?" म्हटलं, आपलाच. "मंग?"

या युक्तिवादात मला त्या वेळी खोट सापडली नाही. मागे चार माणसं रिझल्ट बघायला ताटकळलेली, लाइट जायची वेळ झालेली. मी 'हो' दाबलं.

अभिनंदन आलं. मग पान उलटलं आणि वर ओळ आली: 'स्वागत आहे, कु. आरती.'

होय, तुमचीच आरती. गेल्या दिवाळीत तुमच्याच सांगण्यावरून मी तिची माहिती सोयरीकवर भरली होती, जुबेरच्याच ईमेलवर. आता त्या एकोणीस खात्यांचा मिळून एक माणूस झाला होता आणि त्या माणसाचं नाव आरती ठरलं होतं. माझ्या हजार उत्तरांवर तिचं नाव, आणि शेजारी तिचा तो अबोली साडीतला फोटो. 'मोटार का जळते', लेखिका कु. आरती, बी.कॉम. मी तिथल्या तिथे कंपनीला फोन लावला. स्नेहल नावाच्या मॅडम होत्या, बोलायला फार गोड. त्या म्हणाल्या, "सर, ज्या खात्यात माहिती सगळ्यात परिपूर्ण असते तेच सिस्टीम मुख्य धरते."

म्हणजे दोष कुणाचा? माझ्या काटेकोरपणाचा. आरतीचा एकही रकाना मी रिकामा सोडला नव्हता. उंचीसुद्धा अंदाजे लिहिली नाही, स्टीलच्या टेपने भिंतीशी उभी करून मोजली, पाच फूट सव्वादोन इंच. (तुम्ही पाच-तीन सांगितली होती. ती चुकीची होती.) माझ्या स्वतःच्या खात्यात मात्र 'शिक्षण' रकाना कोरा. सातवी लिहायला मला लाज नव्हती, पण तिथे निवडायला नुसत्या पदव्यांची यादी होती आणि सातवी तिच्यात नव्हतीच. कोरा सोडला. त्या एका कोऱ्या रकान्याने मला हरवलं.

बरं, प्रत्येक उत्तराच्या शेवटी आपोआप माझं बोधवाक्य यायचं: 'काम बोलते.' त्या जागी आता बाजारवरच्या गेणभाऊच्या म्हशीच्या जाहिरातीतली ओळ येऊ लागली. कपॅसिटर कसा तपासावा हे मी पायरीपायरीने समजावलेलं, आणि त्याखाली, 'दोन्ही वेळचं मिळून अकरा लिटर.' बारामतीकडच्या एका सभासदाने विचारलं, ऑइल कुठल्या ग्रेडचं घालायचं? शीलाला हे मी वाचून दाखवलं ती चूकच झाली. म्हणाली, "अकरा लिटर म्हनं. हितं चहाला अर्धा लिटर आना म्हनलं तर दुपार व्हती."

आणि नव्या खात्यात मोबाइल नंबर माझा. त्यामुळे एकोणीसजणांचे फोन मला. मुलाकडची माणसं मला, म्हशीचं गिऱ्हाईक मला, सेकंडहँड ट्रॅक्टर बघायला येणारे मला. पहिल्या आठवड्यात गोंधळ झाला, मग पद्धत बसवली. फोन उचलला की आधी विचारतो, सोयरीक, बाजार की मोटार? मग त्याप्रमाणे वही न लागता तोंडपाठ निरोप. वजीरभाई हे ऐकून हसले. म्हातारा आता कानाने अधू आहे, पण बोलणं तसंच. म्हणाले, "आमच्या टायमाला हाक मारायच्या आदी नाव इचारायचो, चांगदेव. तुला मशीननं इचारलं व्हतं. तू काय सांगितलंस?"

पण खरा ताप पुढेच आहे. कट्ट्यावर कुशाबा म्हणून एक सभासद आहे, बेल्ह्याचा. तीन वर्षं माझ्या प्रत्येक उत्तराखाली 'असहमत' लिहीत आला. कारण काही नाही, नुसतं असहमत. एकदा मी आकृती काढून दिली तरी असहमत. नाव बदलल्याच्या चौथ्या दिवशी त्याने माझ्या २००६ सालच्या उत्तराखाली लिहिलं, 'आरतीताईंनी फार सोप्या भाषेत समजावले आहे, पूर्ण सहमत.' अक्षर न अक्षर तेच उत्तर, भगवंतराव. मला आनंद झाला की संताप, हे अजून ठरवता आलेलं नाही. नुसता कुशाबाच नाही. ज्यांना मोटार नाही तेसुद्धा मोटारीविषयी विचारू लागले. कट्ट्यावर इतकी गर्दी कधी नव्हती.

मी मात्र ठरवलं, दुसऱ्याच्या नावाने एक ओळ लिहिणार नाही. नाव परत मिळेपर्यंत संप. रोज बघायचो, प्रश्न साठत होते, पण बोट लावलं नाही. त्यात एक प्रश्न होता आण्याच्या अमृत नावाच्या मुलाचा. आण्याच्या पठारावर पाण्याची काय तऱ्हा आहे तुम्हाला ठाऊकच आहे. त्याने बोअर आणखी खोल केला, मोटार आत सोडली, सकाळी चालते आणि दुपारी दहा मिनिटांत ट्रिप होते. वायरमनने सांगितलं, जास्त करंटला मोटार बंद पाडणाऱ्या रिलेचं सेटिंग वाढव. वाढवू का? प्रश्न कसा नेमका लिहिला होता बघा: मोटार किती एच.पी., पाणी किती खोल, सकाळचा व्होल्टेज, दुपारचा व्होल्टेज, सगळं. असा प्रश्न वर्षात एखादा येतो. माझे हात शिवशिवत होते. पण संप म्हणजे संप.

दुसऱ्या दिवशी बघतो तर त्याला उत्तर मिळालेलं. आरतीच्या नावाने. आणि मी दिलेलं नाही.

'रिलेला हात लावू नका, मोटार जळेल. बोअर खोल केलात तेव्हा केबल नवी टाकली की जुनीलाच बारीक केबलचा जोड दिला? तसं असेल तर दुपारचा कमी व्होल्टेज खाली पोचेपर्यंत आणखी कमी होतो आणि मोटार जास्त करंट ओढते. जाड केबल टाका.'

मी खुर्चीवरून उठलो. नेमका हाच प्रश्न मी विचारला असता, याच क्रमाने. मोटारीचं दुखणं मोटारीत न शोधता केबलमध्ये शोधायचं, ही गोष्ट मी आयुष्यात फक्त एका माणसाला शिकवली आहे. तुम्ही मे महिन्याच्या सुट्टीत आरतीला आमच्याकडे पाठवायचात आणि ती आंबे खात असेल असं समजायचात. ती माझ्या दुकानात बसून जळक्या कॉइली उलगडायची. बाकीची पोरं सांगितले तेवढे तारेचे वेढे देत, ती मला विचारायची, इतकेच वेढे का? सोयरीकचा पासवर्ड तिच्याकडे होताच. आता चावी एकच, त्यामुळे सोयरीकच्या दारातून आत शिरलेली मुलगी सरळ माझ्या कट्ट्यावर येऊन बसली होती.

मी तिला फोन केला. आधी चूक दाखवली. म्हटलं, 'जाड केबल' हे काय उत्तर झालं? जाड म्हणजे किती? चार चौरस मिलिमीटर की सहा? तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काका, सहा. खाली दुसऱ्या उत्तरात लिहिलंय, तुम्ही पुढे वाचलंच नाहीत. आणि तुम्ही संपावर होता, त्यांची कांद्याची रोपं नव्हती. ती वाळत होती."

मग मी पुढे वाचलं. (दुसऱ्याचे निरोप वाचण्यातला मी नाही. पण खातं एकच असल्यामुळे ते माझ्याच घरात पडलेले होते.) सहा लिहिलं होतं. केबलपाशी मी थांबलो. त्यापुढचं काहीही वाचलेलं नाही. फक्त शेवटचं एक वाक्य वाचलं, कारण तिथे नवीन सगळ्यात वर दिसतं. अमृतने लिहिलं होतं: 'मोटार सुरळीत झाली. पण आमच्याकडे पाणी कमीच आहे, हे आधीच सांगितलेलं बरं.' हे वाक्य मोटारीविषयी नव्हतं एवढं मला सातवीवरही कळलं. सोयरीकवर मी गेल्या वर्षभरात शेकडो मुलांची माहिती आरतीसाठी वाचली. कुणाला फ्लॅट आहे, कुणाला फ्लॅट होणार आहे. आपली उणीव पहिल्यांदा सांगणारा हा एकच. असो. ओघात आलं म्हणून लिहिलं, त्याच्यामागे दुसरा हेतू नाही.

इकडे स्नेहल मॅडमनी वाट दाखवली. एकोणीसपैकी माझं सोडून बाकी प्रत्येकाने 'अमुक खाते माझे आहे, चांगदेव यांचे नाही' असं लिहून सही करून दिलं, तर तीस तारखेच्या आत खाती पुन्हा सुटी होतील. त्यानंतर कायमची एक. म्हणजे माझं नाव आता अठरा माणसांच्या हातात. मी बाजाराच्या दिवशी जुबेरकडे तारांखाली ठाण मांडलं. जो आपला ईमेल काढायला येईल त्याला चिमट्यासकट पकडायचा. गेणभाऊ काही केल्या ऐकेना. म्हणाला, "म्हस इकून मोकळा झालो मी. आता सही कशाची?" म्हटलं, खातं तुमचं आहे, माझं नाही, याची. "मंग तुमी माज्या खात्यात शिरलाच कशाला, पावणं?" सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. ऐकून तो म्हणाला, "म्हंजी एवढे दिवस माज्या म्हशीचं फोन तुमी घेत व्हता? तरीच म्हनलं गिऱ्हाईक कुटं गेलं. शेवटाला इवायाला दिली." सही दिली, पण चहा माझ्याकडून घेतला, आणि भजी. बाकीच्यांच्याही मिळाल्या. ट्रॅक्टरवाल्याची सही वाचता येत नव्हती म्हणून मी पुन्हा घेतली, तो रागावला, पण वाचता येणारी सही दिली. सतरा झाल्या. एक राहिली आहे, ती काही फार मोठी गोष्ट नाही, शेवटी लिहितो.

कागद संपत आला. आक्कांना नमस्कार सांगा, आणि त्यांचा मिक्सर आवाज करत असेल तर तो दुकानात न टाकता मी येईपर्यंत तसाच ठेवा. आरतीला आशीर्वाद. घरात थोरामोठ्यांत तुम्हीच आहात, त्यामुळे त्यांच्या वाट्याचा नमस्कारही तुम्हीच घ्या. जिने टाळा.

तुमचा
चांगदेव

ता.क. राहिलेली सही आरतीची आहे. बाकी पत्र नाही वाचलं तरी चालेल, एवढं वाचा. चिठ्ठी मी लिहून सोबत जोडली आहे, पाकीटही पत्ता घालून, तिकीट लावून आत ठेवलं आहे. तिने फक्त सही करायची. तीस तारखेच्या आत मंचरला पोचली पाहिजे.

ता.क. २. ती सही करत नाही. मी दोनदा फोन केला. म्हणते, दोन अटी आहेत. पहिली, तिने दिलेली उत्तरं तिच्याच नावावर राहिली पाहिजेत, खाती सुटी करताना ती माझ्या नावावर जाता कामा नयेत. यावर मी एक दिवस विचार केला. (माझ्या नावावर गेली असती तर चांगली दिसली असती, हे कबूल करतो.) मग मान्य केलं. ज्याने काम केलं त्याचं नाव, हे मीच गावभर सांगत असतो. दुसरी अट तुमच्या हातात आहे. तुम्ही एकदा आण्याला जाऊन मुलगा बघायचा. नुसता बघायचा. आण्याला मुलगी द्यायची नाही, तिथे पाणी नाही, असं तुम्ही घरात म्हणालात हे मला माहीत आहे. पण पाणी नाही हे तुमच्याआधी त्यानेच सांगितलं आहे, त्यामुळे तो मुद्दा तुमचा राहत नाही. आणि मी काही ऐकीव लिहीत नाही. गुरुवारी स्वतः स्कूटरवर आण्याला जाऊन आलो. मोटारवाला म्हणून गेलो, नातं सांगितलं नाही. त्याच्याकडून मोटार वर ओढून घेतली आणि केबलचा जोड उघडून बघितला. सहाची केबल. तिन्ही तारांचे जोड एका रेषेत नाहीत, एकाखाली एक सरकवून घेतलेले, प्रत्येकावर टेप वेगळी, कुठे घाई नाही. हा जोड पाण्याखाली कायमचा बुडणार, कुणी कधी बघणार नाही, तरी त्याने असा केला. भगवंतराव, तुम्ही पत्रिका बघता, मी जोड बघतो. निघताना त्याने हात धुवायला तांब्याभर पाणी दिलं. आण्यात ती लहान गोष्ट नाही. मग म्हणाला, "तुमी आरतींचे काका ना? जोड उगडून बगनारं दुसरं कोन असनार." तेव्हा गाडीला किक मारून मी निघालो. तुम्ही एक शब्द 'बघतो' असा म्हणा. तुम्ही 'बघतो' म्हणालात की ती सही करेल, सही आली की माझं नाव मला मिळेल. पुढे लग्न जमलं तर तो तुमचा फायदा.

ता.क. ३. मी हे स्वतःच्या स्वार्थासाठी करतो आहे असं तुम्हाला वाटेल, म्हणून एक गोष्ट नाइलाजाने लिहितो. हे पान वाचून फाडून टाका, आक्कांच्या हाती लागू देऊ नका, कारण आक्कांना कळलं की शीलाला कळतं आणि शीलाला मी यातलं काही बोललेलो नाही. परवा स्नेहल मॅडमचा फोन आला होता. कट्ट्यावरची गर्दी बघून त्यांच्या मालकांनी विचारलं आहे, की सह्या वगैरे राहू द्या, आहे तसंच चालू ठेवू. उत्तरं मी लिहायची, नाव आणि फोटो आरतीचा राहील, शेजारी पंपांच्या जाहिराती लागतील, आणि त्याबद्दल मला घरबसल्या मानधन. या वेळी मात्र मी मागे किती माणसं ताटकळली आहेत ते बघितलं नाही. सगळं नीट ऐकून घेतलं आणि 'नाही' म्हणालो. दरमहा चार हजार रुपये.